सुभेदारांच्या घरातली ओल

चंद्राबाईंनी चहासाठी काड्यापेटी घेतली आणि एकामागून एक अकरा काड्या ओढल्या. अकराही काड्यांची गुलं पेटीवर लोण्यासारखी पुसली गेली. बारावी ओढताना त्यांना खोकला लागला, आणि असा लागला, की स्टोव्ह तसाच सोडून त्या भिंतीला टेकल्या. टेकल्या मात्र, पाठ भिजली.

"आवं, भित आज बी पाझरतीया," श्वास परत आल्यावर त्या आतून म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीत सुभेदार लालासाहेब जगदाळे आपला फौजी कोट खिडकीशी धरून उभे होते. छातीवर जिथं पदकांच्या पट्ट्या लावायच्या, नेमक्या तिथंच पांढरी बुरशी आली होती. शत्रूनं इतक्या जवळ येऊन वार करण्याची सुभेदारांच्या नोकरीतली ही पहिलीच वेळ.

सव्वीस वर्षं त्यांनी फौजेत काढली. दर वर्षी दोन महिन्यांची रजा. त्या हिशेबानं चंद्राबाईंशी त्यांचा संसार सव्वीस वर्षांचा असला, तरी एका छपराखाली ते उणीपुरी सव्वाचार वर्षंच राहिले होते. म्हणून निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी साताऱ्याबाहेर, मेढ्याच्या वाटेवर, माजी सैनिकांच्या वसाहतीत तीन खोल्यांचं घर बांधलं. सिमेंट परमिटवर मिळायचं ते दिवस. त्यामुळे मिळालं तेवढं सगळं सिमेंट त्यांनी भक्तिभावानं भिंतींना फासलं, वर स्लॅब टाकला, आणि खिडक्या अशा घट्ट करून घेतल्या, की मुंगीलासुद्धा आत यायला पास काढावा लागावा. "मातीच्या घरात जन्म घेतला, आता सिमेंटात ऱ्हायाचं," असं ते येईल त्याला सांगत. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षीच्या आषाढात घराला घाम फुटला. पापड मऊ पडले, मिठाचं पाणी झालं, अन् चंद्राबाईंची छाती वाजायला लागली.

डॉक्टरांनी नळी लावून पाहिली. म्हणाले, "यांना ओल सोसत नाही. घर कोरडं करा. नाहीतर पावसाळाभर यांना कुठंतरी कोरड्या मुलखात पाठवा."

चंद्राबाईंचं माहेर कवठे महांकाळच्या बाजूला. त्याहून कोरडा मुलूख डॉक्टरांना चिठ्ठीवर लिहून देताच आला नसता. घरी येताना सुभेदार बराच वेळ छत्री चंद्राबाईंच्या बाजूला कलवून चालले आणि शेवटी म्हणाले, "म्हंजे परत रजेचीच कथा म्हणायची. फकस्त आता रजेवर जाणार तू."

"आठ-पंधरा दिस बघू की," चंद्राबाई म्हणाल्या. "म्हायेरी गुंडाला पत्र टाकते. त्यो आला की ठरवू."

सुभेदारांना तेवढा अवधी पुरेसा होता. फौजेत शेवटची आठ वर्षं ते यंत्रांच्या कोठारावर होते. तिथं शत्रूंच्या यादीत ओल पहिल्या क्रमांकावर असे आणि शेजारचे देश तिच्या खालोखाल. कोठाराच्या भिंतीवर एक गोल तबकडी टांगलेली असे. तिचा काटा पंचेचाळीस ते पंचावन्नच्या मधे राहिला, तर मेजरसाहेब हसत. काटा सत्तावन्नवर गेला, तर सुट्ट्या रद्द होत. त्या तबकडीवाचून ओलीशी लढणं म्हणजे नकाशावाचून चढाई, हे सुभेदारांच्या रक्तात भिनलं होतं. ते तडक साताऱ्यात मोहिद्दीनकडे गेले.

मोहिद्दीन घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या एका सूतगिरणीचं मोडीतलं सामान त्याच्याकडं आलं होतं, त्यात तशी एक तबकडी निघाली. त्यानं फडक्यानं काच पुसली.

"ह्ये बरोबर सांगतंय न्हवं?" सुभेदारांनी विचारलं.

"सायेब, बरोबर का चूक त्ये ह्याच्यापेक्षा बरोबर दुसरं असंल तर कळणार," मोहिद्दीन म्हणाला. "काटा हलतोय, येवढं माज्या डोळ्यानं बघितलंय."

तबकडी घरी आली आणि देवाच्या फोटोशेजारी टांगली गेली. काटा शहाऐंशीवर जाऊन थांबला. सुभेदारांनी मान हलवली. आतापर्यंत घरात नुसती ओल होती; आता शहाऐंशी टक्के ओल होती, आणि त्यामुळे परिस्थितीला एक प्रकारची शिस्त आली होती.

त्याच दिवशी स्थायी आदेश निघाले. बाहेर हवा ब्याण्णव टक्के, म्हणून सगळ्या खिडक्या बंद. फटींवर खळ लावून वर्तमानपत्राच्या पट्ट्या. ओले कपडे घरात आणायचे नाहीत. आंघोळ गार पाण्यानं, कारण गरम पाण्याची वाफ होते. भात झाकण ठेवून शिजवायचा आणि झाकण ओसरीवर जाऊन उघडायचं. चंद्राबाई भाताचं पातेलं घेऊन दिवसातनं दोनदा पावसात उभ्या राहू लागल्या.

पुढं सुभेदारांच्या वाचनात आलं, की माणूस श्वासावाटेही पाणी बाहेर टाकतो. ही फितुरी त्यांना ठाऊक नव्हती. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या हरणाबाई विरजण मागायला आल्या आणि नेहमीप्रमाणे बसल्या. सुभेदार तबकडीखाली उभे राहिले.

"वैनी, तुमी आल्यापास्नं दोन टक्के चढलं," थोड्या वेळानं ते म्हणाले.

"काय चढलं?"

"ओल. बोलताना लय सांडती. नुसतं बसला तर चालंल."

हरणाबाईंना आयुष्यात पुष्कळांनी गप्प बसायला सांगितलं होतं, पण टक्केवारी देऊन कोणी सांगितलं नव्हतं. त्या विरजण तिथंच ठेवून उठल्या. चंद्राबाई मागोमाग गेल्या, अन् खरं सांगायचं तर हरणाबाईंच्या ओसरीवर बसल्यावर त्यांना जरा बरंच वाटलं. मग त्या रोजच काही ना काही निमित्त काढून तिकडं जाऊ लागल्या.

एवढं करूनही काटा हटेना. तेव्हा सुभेदारांनी उष्णतेचा मारा करायचं ठरवलं. घासलेटचा स्टोव्ह बंद खोलीच्या मध्यभागी ठेवून पेटवला. काटा अठ्ठ्याऐंशीवर गेला. दुसरा स्टोव्ह आणला. काटा एक्याण्णववर गेला आणि काचेवरून पाणी ओघळायला लागलं. जळताना घासलेटसुद्धा वाफ सोडतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. अन् सांगितलं असतं, तरी आगीतून पाणी निघतं ही गोष्ट त्यांनी मानली नसती.

मग मीठ आलं. खडेमिठाचं एकेक पोतं प्रत्येक कोपऱ्यात. मिठानं पाणी ओढलं, यात शंका नाही. पण ओढलेलं पाणी ठेवायचं कुठं हे त्याला माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी पोत्यांखालून खारट ओघळ निघाले आणि देवघरापर्यंत पोचले. चंद्राबाई पदर तोंडाला लावून फरशी पुसत होत्या, मधेच थांबून खोकत होत्या. सुभेदारांनी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि स्वतः पुसायला बसले.

"कोठारात ओल पिणाऱ्या निळ्या खड्यांच्या पुड्या असायच्या," ते खाली बघून म्हणाले. "त्या घावल्या असत्या तर चार दिवसांत तुला मोकळा श्वास घेऊन दावला असता."

"मला ठावं हाय," चंद्राबाई म्हणाल्या. "तुमी आता चहा घ्या जरा."

निळे खडे मोहिद्दीनकडं नव्हते. पण त्याला दुसरं काही सुचलं. "सायेब, आमचा जैनुद्दीन चुन्याची भट्टी चालवतो. भट्टीतनं काढलेली ताजी चुनकळी लय तान्हेली असती बघा. हवंतलं पाणी बी पिती. मीठ पिऊन ओकतंय, चुनकळी ओकत न्हाई."

एवढं शास्त्र सुभेदारांना पुरलं. बारा लोखंडी घमेली भरून चुनकळी घरात आली. भिंतीला लागून, सारख्या अंतरावर, परेडला उभी केल्यासारखी. आणि आश्चर्य म्हणजे दोन दिवसांत काटा चक्क एक्क्याऐंशीवर उतरला. सुभेदारांच्या चेहऱ्यावर प्रथमच मेजरसाहेबांचं हसू आलं. "आनखी दोन पोती," ते म्हणाले आणि सायकल काढून, मेणकापड पांघरून, साताऱ्याकडं निघाले.

ते वळणाआड जाऊन दीड तास झाला असेल-नसेल, तोच कवठे महांकाळहून गुंडा येऊन पोचला. चंद्राबाईंचा धाकटा भाऊ. तीन एस्ट्या बदलून, शेवटचे दोन मैल पावसात चालून तो आला होता. अंगावरची घोंगडी पाण्यानं जड झाली होती.

"आक्का, काय ह्यो पाऊस!" तो दारातच कौतुकानं म्हणाला. "आमच्याकडं येवढा चार वरसांत मिळून झाला न्हाई. आन दाजी म्हणं ओल हाकलत्यात? हाकलायचीच हाय, तर आमच्या रानाकडं हाका म्हणावं. आमी देवाकडं तेच मागतोय."

"तू बस. चहा टाकते. आमच्या काड्या मऊ पडल्यात, हरणाबाईकडनं पेटी आणते," असं म्हणून चंद्राबाई बाहेर पडल्या.

गुंडानं इकडंतिकडं पाहिलं. घरात चुना बघून त्याला वाटलं, भिंती पांढऱ्या करायच्या असतील. त्यानं घोंगडी काढली, खुंटीला अडकवली, आणि तंबाखू मळत बसला. खुंटीच्या बरोबर खाली चौथ्या क्रमांकाचं घमेलं होतं.

घोंगडीतून पाण्याची धार लागली. आधी घमेल्यातून नुसतं चुर्र झालं. मग आत काहीतरी कण्हल्यासारखा आवाज आला, खडे तडकले, आणि वाफेचा लोट निघाला. गुंडा शेतकरी माणूस. जे धुमसतंय त्याच्यावर पाणी टाकायचं, एवढं त्याला कळत होतं. त्यानं हंडा उचलला आणि घमेल्यात पालथा केला.

त्यानंतर त्या खोलीत काय झालं, ते गुंडाला कधीच नीट सांगता आलं नाही. "घमेलं उकळलं आन माज्या अंगावर आलं," एवढंच तो सांगे. उडालेल्या पाण्यानं पाचवं आणि तिसरं घमेलं पेटून उठलं, त्यांनी शेजारच्यांना उठवलं. दारातून वाफेचे ढग निघाले आणि त्या ढगातून डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालेला एक माणूस ओरडत बाहेर आला.

समोरच्या ओसरीवर हरणाबाईंचे यजमान, हवालदार कोंडीबा, दाढी करत होते. फौजेत त्यांना एकोणीस वर्षं आग विझवायचं शिक्षण मिळालं होतं. आग मात्र एकदाही मिळाली नव्हती. अर्धी दाढी तशीच ठेवून ते उभे राहिले आणि साऱ्या वसाहतीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "फायर! फायर! फायर!"

वसाहतीत एकतीस घरं, एकतीस पेन्शनर. दोन मिनिटांत हौदापासून दारापर्यंत बादल्यांची रांग उभी राहिली. इतकी सुरेख रांग, की बघणाऱ्याचा ऊर भरून यावा. पहिली बादली कोंडीबांच्या हुकमानं जखमीवर, म्हणजे गुंडावर, ओतली गेली. दुसरीही त्याच्यावरच, कारण तो अजून पांढरा होता. त्यानं त्याचं भलंच झालं. बाकीच्या आत.

जसजशा बादल्या आत गेल्या, तसतशी वाफ दुप्पट झाली. वाफ दुप्पट झाली, तशा बादल्या दुप्पट झाल्या.

"धुराला वाट द्या!" कोंडीबा गरजले. "खिडक्या फोडा!"

खिडक्या उघडण्याचा एक साधा मार्ग असतो. पण शिक्षणात 'फोडा' असंच होतं. शिवाय खळीनं डकवलेल्या खिडक्या सहजी उघडणाऱ्याही नव्हत्या. पहारी आल्या. सहाच्या सहा खिडक्यांच्या झडपा काचांसकट अंगणात पडल्या.

नेमके तेव्हा वळणावरून सुभेदार येताना दिसले. कॅरिअरवर चुन्याची दोन पोती. घरातून निघणारे ढग पाहून त्यांना एका क्षणात सगळं कळलं. ते सायकलवरूनच हात हलवत ओरडू लागले, "पाणी नको! पाणी नको! चुना हाय त्यो!"

पावसात आणि गलक्यात त्यांचा एकच शब्द पोचला. "सुभेदार पाणी मागत्यात!" रांगेतून कोणीतरी ओरडलं आणि बादल्यांचा वेग वाढला.

बारावं घमेलं शांत झालं, तेव्हा सुभेदार दारात उभे होते. घरभर घोटाभर पांढरं पाणी. भिंतींवर पांढरे शिंतोडे. तबकडीचा काटा शंभरावर टेकला होता, आणि त्याच्यापुढं आकडेच नव्हते म्हणून तिथं थांबला होता. कोंडीबांनी येऊन कडक सलाम ठोकला.

"आग आटोक्यात, सुभेदार!"

सुभेदार ओसरीच्या पायरीवर बसले. चंद्राबाई हातात कोरडी काड्यापेटी घेऊन धावत आल्या होत्या. त्यांच्याकडं न बघता सुभेदार म्हणाले, "गुंडाबरूबर जा तू. मी हरलो."

चंद्राबाईंनी घराकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. "ह्यो चिखल कोण काढणार? तुमी?" त्या म्हणाल्या. "आठ दिस न्हाई जात मी. गुंडा, तू हो म्होरं."

गुंडाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्या मुलखातलं पाणी त्यानं पुरेसं पाहिलं होतं.

चिखल निघाला. राहिल्या खिडक्या. सुभेदारांनी ज्ञानू सुताराला गाठलं. ज्ञानूनं माप घेतलं आणि म्हणाला, "मंगळवारी येतो." कुठला मंगळवार हे त्यानं सांगितलं नाही. पहिला मंगळवार गेला, दुसरा गेला. घराची सहा भोकं उघडीच राहिली. वारा एका बाजूनं यायचा, दुसऱ्या बाजूनं जायचा. पाऊस उघडला की ऊनही आत यायचं. पाऊस लागला, तर चंद्राबाई पोतं अडकवायच्या आणि थांबला की काढायच्या.

आठ दिवसांचे पंधरा झाले. एका सकाळी पहिल्याच ओढीला काडी पेटली. चंद्राबाई क्षणभर तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की काल दिवसभरात त्या खोकल्या नव्हत्या. सुभेदार तबकडीपुढं उभे होते. काटा पासष्टवर होता, आणि पावसानं चांगली उघडीप दिली तेव्हा तो पंचावन्नवर आला.

"चंद्रा!" सुभेदारांनी हाक मारली. "चुन्यानं काम केलं बघ! भितीत शिरला चुना. भिजवून भितीवर उडवायचा, हीच खरी रीत व्हती. आपल्याला कळली नव्हती."

चंद्राबाईंनी सहा भोकांकडं एकदा पाहिलं. मग नवऱ्याच्या तोंडाकडं. इतका आनंद त्यांनी त्या तोंडावर रजेच्या पहिल्या दिवशीच काय तो पाहिला होता.

"व्हय तर," त्या म्हणाल्या.

ज्ञानू सुतार गणपती बसल्यावर उगवला. सुभेदार बाजारात गेले होते. चंद्राबाईंनी त्याला चहा दिला आणि शेजारी बसून सांगितलं, "झडपा बसव. पर कड्या बसवू नगंस."

"कड्या न्हाईत? मग बंद कशा हुतील?"

"न्हाई हुणार."

"सुभेदार इचारतील की."

"सांग, मंगळवारी आणतो."

सुतार असं म्हणाल्यावर त्याच्यावर कोण अविश्वास दाखवणार? सुभेदारांनीही दाखवला नाही. त्यांचं तिकडं लक्षही नव्हतं. ते वसाहतीच्या वार्षिक सभेसाठी अहवाल लिहीत होते. 'राहत्या घरातील ओलीचा चुन्याद्वारे बंदोबस्त', अकरा परिच्छेद, सोबत नकाशा. सभेत त्यांनी तो उभं राहून वाचला. कोंडीबांनी अनुमोदन देताना, चुना योग्य प्रमाणात भिजवण्याचं काम आपल्या तुकडीनं केलं, याची नोंद घ्यावी असं सुचवलं. तीही घेतली गेली. प्रत्येक घरात दोन घमेली चुनकळी ठेवावी, आणि वर्षातून एकदा शिस्तीत भिजवून भिंतीवर उडवावी, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

सभेहून परतताना हरणाबाईंनी चंद्राबाईंना गाठलं. विरजणाचा राग अजून पुरता गेला नव्हता, पण आदल्या रात्री त्यांच्याही घरात पापड मऊ पडले होते.

"खरं सांग, चंद्राबाई. चुन्यानं झालं?"

चंद्राबाईंनी मागं पाहिलं. मग पदराआडून चार वाक्यं बोलल्या. हरणाबाई तोंडावर हात ठेवून रस्त्यातच थांबल्या.

त्या दिवाळीपासून ज्ञानू सुताराच्या मागं वसाहतीतल्या बायकांची रीघ लागली. दुपारी पेन्शनर मंडळी पत्ते खेळायला जमली, की ज्ञानू पाना-पेचकस घेऊन हळूच एकेका घरात शिरायचा. "जल्मभर कड्या बसवण्यात गेला," तो चंद्राबाईंना म्हणाला, "आता काढून पोट भरतोय." कोणा पेन्शनरानं विचारलंच, तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

पुढच्या आषाढात एकतीसच्या एकतीस घरं कोरडी राहिली. काडी पहिल्या ओढीला पेटायची, पापड मोडताना आवाज यायचा. सुभेदार तबकडी काखेत घेऊन घरोघर फिरले, आकडे लिहून घेतले, अन् आपल्या जुन्या कोठाराला सविस्तर अहवाल धाडला. तिथल्या नव्या मेजरसाहेबांनी कौतुकाचं पत्र पाठवलं. ते त्यांनी ओसरीवर उभं राहून सगळ्या वसाहतीला वाचून दाखवलं. वाचताना मागच्या खिडकीची झडप वाऱ्यानं आपटत होती, म्हणून त्यांना आवाज चढवावा लागला.

"आता तरी सांगून टाकावं का गं त्येस्नी?" हरणाबाईंनी हळूच विचारलं.

चंद्राबाईंनी छातीभर श्वास घेतला, सोडला.

"नगं," त्या म्हणाल्या. "सांगितलं तर वाऱ्याला बी आर्डर काढत्याल."